पत्र माझ्या नावाचं

शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या हॉलबाहेर एका टेबलावर विक्रीसाठी पुस्तकं मांडली होती. त्यातल्या एका पुस्तकाचं नाव होतं 'प्रिय बाई'. तोवर माझ्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती आणि मला नावानं हाक मारणारी माणसं फक्त घरात उरली होती. वस्तीवर, आठवडी बाजारात, एसटीत, सगळीकडे मी बाईच. पुस्तकावर आपलंच नाव छापलंय असं वाटलं आणि मी ते उचललं.

परतीच्या एसटीत वाचायला घेतलं. इटलीतल्या एका डोंगरावरची शेतकऱ्यांची मुलं एका बाईंना पत्र लिहितात. त्या बाईंनी त्यांना परीक्षेत नापास केलेलं असतं. बाईंना आपलं नाव आठवत नसणार हे मुलं धरूनच चालली आहेत. चार-पाच पानं झाली आणि मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मला एक नाव आठवलं होतं.

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर माझी पहिली नेमणूक होती. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ, अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखं. दसरा झाला की आईबापांबरोबर तो ऊसतोडीला जायचा. मुकादमाची उचल घेतलेली असायची, टोळी निघाली की निघावंच लागायचं. मी त्याच्या आईला म्हणाले होते, याला तरी मागे ठेवा. ती म्हणाली, "ठिवलं असतं बाई, पर कुणापाशी ठिवू?" म्हातारी गेलेली, घराला कुलूप. पोरगं कारखान्याच्या अड्ड्यावर बैलांना वाढं घालायचं, धाकटीला सांभाळायचं. पट्टा पडल्यावर पाडव्याच्या सुमाराला टोळी परतली तेव्हा वार्षिक परीक्षेला जेमतेम दोन आठवडे होते. हजेरीपटात त्याच्या नावापुढे पाच महिने नुसत्या गैरहजेरीच्या खुणा होत्या. मी पेपर तपासले, बेरीज केली, निकालपत्रकावर लाल शाईनं 'नापास' लिहिलं आणि सही केली. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. पुढच्या दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेला दिसला. त्यानं हात हलवला होता.

त्या संध्याकाळी एसटीत मला पहिल्यांदा आपल्या भाषेची एक सवय खटकली. मराठीत मूल नापास होतं. पाऊस पडतो, दूध नासतं, तसं मूल नापास होतं. त्या वाक्यात मी कुठेच नसते. आणि शाळा सुटलेल्या मुलांसाठी आमच्या अहवालात जो शब्द आहे तो 'गळती'. मडकं गळतं, छप्पर गळतं. गळण्याला कुणाचा हात लागत नाही. मी कित्येक वर्षं केंद्रप्रमुखांना गळतीचे आकडे भरून दिले होते. डोंगरावरच्या त्या पोरांनी मात्र वाक्याला कर्ता दिला होता. बाई, तुम्ही आम्हाला नापास केलंत.

मग त्या मुलांच्या शाळेविषयी मिळेल ते वाचत गेले. बार्बियानाची शाळा. जेमतेम तेरा वर्षं चालली आणि बंद पडली. तिला ना मान्यता होती, ना इमारत. ती एका कॅथलिक चर्चच्या मागच्या खोलीत भरायची.

ती काढणारे फादर लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ चा, फ्लॉरेन्समधल्या सुखवस्तू, विद्वान घराण्यातला. आई ज्यू वंशाची. घरात पुस्तकं, नोकरचाकर, उन्हाळ्यात राहायला वेगळं घर. तरुणपणी ते चित्रकला शिकत होते. १९४३ मध्ये, इटली युद्धात होरपळत असताना, वीस वर्षांचा हा मुलगा सगळं सोडून सेमिनरीत दाखल झाला. १९४७ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि फ्लॉरेन्सजवळच्या कालेन्झानो भागात, सान दोनातोच्या चर्चमध्ये सहायक म्हणून नेमणूक झाली. तिथे त्यांनी गिरणीतल्या आणि शेतातल्या तरुण मजुरांसाठी रात्रशाळा काढली. येणाऱ्यांत कम्युनिस्टांची मुलंही होती. त्यांना परकं वाटू नये म्हणून फादरांनी वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस काढून ठेवला. माझ्या गावी पाटलाच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेत कुणाची पोरं उंबऱ्याबाहेर थांबत, हे माझ्या आजीनं पाहिलेलं होतं. त्यामुळे उंबऱ्यावरची अडचण आधी ओळखणारा हा माणूस मला जवळचा वाटला.

वरिष्ठांना तो तसा वाटला नाही. १९५४ च्या डिसेंबरात त्यांना बार्बियानाला पाठवण्यात आलं. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, तिथल्या विक्कियो गावाच्या हद्दीत, मोंते जोवीच्या उतारावर ही वस्ती. वस्ती तरी कसली, रानात विखुरलेली शेतकऱ्यांची घरं. रस्ता नाही, वीज नाही, नळ नाही. हे धर्मग्रामच बंद करायचं ठरत होतं. नकोशा झालेल्या धर्मगुरूला ठेवायला जागा हवी म्हणून ते चालू राहिलं. भर पावसात मिलानी तिथे पोचले. दुसऱ्याच दिवशी विक्कियोच्या कचेरीत जाऊन त्यांनी बार्बियानाच्या इवल्याशा दफनभूमीत आपल्यासाठी कबरीची जागा विकत घेतली. वय वर्षं एकतीस.

बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या मला या गोष्टीचं मोल कळतं. आडवळणाची नेमणूक मिळाली की आमच्यातली बहुतेक माणसं पहिल्या आठवड्यात बदलीचा अर्ज लिहायला घेतात. मीही लिहिला होता. या माणसानं दुसऱ्याच दिवशी परतीची वाट बंद केली. इथेच जगायचं आणि इथेच मातीत जायचं, हे ठरवून मगच त्यानं मुलांकडे पाहिलं.

मुलं होती पाच-सहा, प्राथमिक शाळा संपवलेली. त्यापुढे त्यांच्या वाट्याला मेंढरं आणि रान. मिलानींनी चर्चच्या मागच्या खोलीत त्यांना बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. पुढे आसपासच्या खेड्यांतून, शाळांनी नापास करून घरी धाडलेली मुलं तास-दोन तासांची रानवाट तुडवून येऊ लागली. एका लहानग्याच्या वाटेत ओढा होता, तर त्यावर पूल व्हावा म्हणून फादर सरकारी कचेऱ्यांच्या मागे लागले, आणि पूल झाला.

शाळेत बाकं नव्हती. मोठाली टेबलं होती, त्यांच्याभोवती अभ्यासही व्हायचा आणि जेवणही. एका पुस्तकाची एकच प्रत, मुलं तिच्यावर दाटीवाटीनं वाकायची. शाळा सकाळी भरायची ती संध्याकाळी सुटायची, दिवसाचे बारा तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. रविवार नाही, सुट्टी नाही. शहरातल्या लोकांना हे ऐकून धक्का बसे. पण त्या पुस्तकात एक मुलगा आहे, त्याच्या गोठ्यात छत्तीस गाई. सुट्टी म्हणजे छत्तीस गाईंचं शेण. त्याला शाळा कंटाळवाणी कशी वाटेल? हे वाचताना मला माझी सातवीतली एक मुलगी आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वाळलं तोंड करून मला विचारायची, "बाई, शाळा कधी भरायची?" सुट्टी म्हणजे तिला दोन किलोमीटरवरून पाण्याच्या खेपा.

शिकवायला फादर एकटे. म्हणून ज्याला एखादी गोष्ट समजली तो न समजलेल्याला शिकवायचा. बारा-तेरा वर्षांची मुलं लहानांचे मास्तर व्हायची. एखादा मागे राहिला तर सगळे थांबायचे. त्याला समजेस्तोवर पुढचा धडा नाही. रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, पहिल्या ओळीपासून, अडेल तिथे थांबून. परक्या भाषा शिकवल्या जायच्या. पंधरा-सोळा वर्षांची झालेली ही शेतकऱ्याची पोरं इंग्लंडला, फ्रान्सला, जर्मनीला मजुरी करायला आणि भाषा पक्की करायला जायची. सुतारकाम, लोहारकाम, छायाचित्रण शिकायची. डोंगरातल्या मुलांची पाण्याची भीती जावी म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक छोटा पोहण्याचा हौदही बांधला.

मिलानींचा सगळा भर शब्दावर होता. गरीब माणूस गरीब राहतो तो पैशानं जितका, तितकाच शब्दानं, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं. साहेबाकडे हजार शब्द आणि शेतकऱ्याकडे दोनशे असले, तर बोलणी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. मी आमच्या वस्तीवरच्या माणसांना तहसील कचेरीत उभं राहिलेलं पाहिलं आहे. बांधावर दणदणीत आवाजात बोलणारा माणूस तिथल्या खिडकीशी जाऊन पुटपुटू लागतो. सातबाऱ्यावरचे 'भोगवटादार', 'फेरफार' हे शब्द त्याच्याच जमिनीविषयी असतात, पण त्याच्या मालकीचे नसतात. बार्बियानात एकेका शब्दाच्या मुळाशी जाण्यात सकाळ जायची, ती यासाठी.

या शाळेत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत गांधीजींचं आत्मचरित्र होतं. सॉक्रेटिसनं न्यायालयात केलेलं आपलं समर्थन होतं, येशूचं चरित्र होतं आणि हिरोशिमाच्या मोहिमेत सामील असलेल्या वैमानिकाची पत्रं होती. १९६५ मध्ये या वाचनाचा कस लागला. सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांना काही निवृत्त लष्करी धर्मगुरूंनी वर्तमानपत्रातून भेकड ठरवलं. मिलानींनी मुलांबरोबर बसून त्यांना उत्तर लिहिलं. ते 'रिनाशिता' या साप्ताहिकात छापून आलं आणि फादरांवर खटला भरला गेला. तोवर त्यांना लसिकाग्रंथींच्या कर्करोगानं गाठलं होतं, रोमला जाऊन कोर्टात उभं राहण्याची ताकद नव्हती. म्हणून त्यांनी न्यायाधीशांना लांबलचक पत्र लिहिलं. मी शिक्षक आहे, समोर अन्याय दिसत असताना माझ्या मुलांसमोर मी गप्प कसा बसू, असा त्याचा आशय. १९६६ च्या फेब्रुवारीत ते निर्दोष सुटले. सरकारी पक्ष वरच्या कोर्टात गेला, आणि तिथला निकाल लागला तेव्हा आरोपी जगात नव्हता. सदसद्विवेकबुद्धीनं सैन्यसेवेला नकार देण्याचा हक्क इटलीच्या कायद्यानं मान्य केला तो १९७२ मध्ये.

आता त्या पत्राविषयी, माझ्या नावाच्या पत्राविषयी. बार्बियानातून शिकलेल्या काही मुलांनी शिक्षक व्हायचं ठरवलं. त्यासाठीच्या सरकारी शाळेत ती गेली आणि नापास झाली. बारा-बारा तास अभ्यास केलेली, धाकट्यांना शिकवलेली, परदेश पाहिलेली मुलं 'शिक्षक व्हायला नालायक' ठरली. मुलांनी लिहायचं ठरवलं. मारिओ लोदी नावाचे इटलीतले एक प्रयोगशील शिक्षक १९६३ मध्ये बार्बियानाला येऊन गेले होते. त्यांच्या वर्गातल्या मुलांशी पत्रव्यवहार करताना एकत्र लिहिण्याची रीत इथे रुजली होती. प्रत्येकानं सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर टिपायचं. मग चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या एकत्र करायच्या, ढिगांचे परिच्छेद करायचे. आणि मग छाटणी: फालतू शब्द, जड शब्द, दोनदा आलेला विचार, एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी. बाहेरच्या, कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचं. त्याला कळलं नाही तर पुन्हा लिहायचं. लेखक म्हणून नाव कुणा एकाचं नाही, शाळेचं. आठ मुलांनी असं काम केलं, आजारी फादर खाटेवरून ऐकत राहिले. १९६७ च्या मे महिन्यात पुस्तक आलं.

त्यात नुसता राग असता तर ते विसरलं गेलं असतं. मुलांनी सरकारी आकडेवारी गोळा करून तक्ते मांडले. इटलीत १९६२ च्या कायद्यानं चौदाव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सर्वांना एकसारखं आणि सक्तीचं झालं होतं. मग कोणाची मुलं मध्येच बाहेर पडतात, कोणाची शेवटपर्यंत टिकतात, ते बापाच्या धंद्यानुसार त्यांनी दाखवून दिलं. शेतकऱ्याचा पोरगा जान्नी आणि डॉक्टरचा पोरगा पिएरिनो ही त्यांची दोन पात्रं. एक शाळेत येण्याआधीच शाळेची भाषा बोलत असतो, दुसऱ्याची भाषा शाळा 'चूक' म्हणून लाल शाईनं खोडते. मुलांनी सुधारणा सुचवल्या त्या तीन: मुलाला नापास करू नका, जो मागे आहे त्याला दिवसभराची शाळा द्या, जो आळशी वाटतो त्याला शिकण्याचं एखादं प्रयोजन द्या.

गरिबांनीच भरलेल्या करातून शाळा चालते आणि गरिबांचंच पोर तिच्यातून बाहेर फेकलं जातं, हा त्यांचा हिशेब वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. तो हिशेब महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे सांगून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली होती. पुणे आणि बार्बियाना यांच्यामध्ये पंच्याऐंशी वर्षं आणि समुद्र आहे. शेतकऱ्याच्या दारातून पाहिलं की शाळा दोन्हीकडे सारखीच दिसते.

या शाळेतलं सगळंच मला पटलं असं नाही. मिलानी कडक होते, फार कडक. खेळाला त्यांच्याकडे जागा नव्हती. मुलानं चेंडूमागे घालवलेला तास त्यांना शत्रूला दिलेला तास वाटे. मला तसं वाटत नाही. ऊसतोडीवरून आलेल्या मुलाला मी आधी लगोरी खेळायला पाठवत असे, त्याचे खांदे सैल झाल्याशिवाय त्याला पाटी दिसत नसे. आणि तिथे मुली थोड्या होत्या. बाहेरच्या गावांतून मुली येत नाहीत याची खंत खुद्द त्या पत्रातही आहे. सावित्रीबाईंच्या वाटेनं शिकून बाई झालेल्या माझ्यासारखीला ती जागा वाचताना थांबावंच लागतं. पण आपल्याकडची उणीव आपणच लिहून ठेवण्याची मुलांची ही रीत किती शाळांच्या अहवालात सापडेल?

पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात, २६ जून १९६७ रोजी, फ्लॉरेन्समध्ये आईच्या घरी मिलानी गेले. वय चव्वेचाळीस. बार्बियानाला आणून त्यांना धर्मगुरूच्या वस्त्रांत, पायात डोंगरात वापरायचे बूट घालून पुरलं. साडेबारा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या जागेत. त्यानंतर शाळा फार काळ चालली नाही. चालण्यासारखी ती नव्हतीच. तिला मंडळ नव्हतं, अनुदान नव्हतं, गादीवर बसणारा वारस नव्हता. मोठी झालेली मुलं कामाधंद्याला लागली, लहान मुलं डोंगर उतरून सरकारी शाळेत गेली आणि चर्चच्या मागची ती खोली रिकामी झाली.

निवृत्तीनंतर मी तिथे जाऊन आले. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्यानं विचारलं, आई, तुला युरोपातलं काय पाहायचंय? मी बार्बियाना म्हणाले तेव्हा त्याला नकाशात शोधावं लागलं. फ्लॉरेन्सहून विक्कियोपर्यंत छोटी रेल्वे जाते. जोत्तो आणि फ्रा अँजेलिको हे दोन थोर चित्रकार याच मुलखातले, गावात त्यांची नावं दिसत राहतात. पुढे डोंगर चढायचा. तळ्यापासून निघणारी रानवाट आहे, तिच्या कडेनं इटलीच्या राज्यघटनेची कलमं मुलांनी काढलेल्या चित्रांसह फलकांवर लावली आहेत. ऑक्टोबर होता. वाटेवर चेस्टनटची काटेरी बोंडं पडली होती. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे मी दर दोन फलकांनी थांबत होते. माझ्या पुढे चाललेल्या मुलाला मागे वळून थांबावं लागत होतं.

वर गेल्यावर दिसतं ते इतकंच: एक लहान चर्च, त्याला लागून घर, मांडव, खाली दरीपर्यंत उतरलेलं रान. खोली जपून ठेवली आहे. टेबलं, भिंतीवर हातांनी केलेले नकाशे आणि तक्ते, आणि दाराशी इंग्रजीत लिहिलेले दोन शब्द, 'आय केअर'. मला पर्वा आहे, माझं याच्याशी देणंघेणं आहे, असा त्यांचा अर्थ. आपल्याला काय त्याचं, या वृत्तीच्या अगदी उलट. खोलीत मी टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभी राहिले. आमच्या वस्तीशाळेच्या खोलीपेक्षा ही खोली मोठी नव्हती.

दफनभूमी चर्चच्या खाली, चार पावलांवर. कबर साधी. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस इथे येऊन प्रार्थना करून गेले. ज्या चर्चनं या माणसाला नजरेआड ठेवायला इथे पाठवलं, ज्या चर्चनं १९५८ मध्ये त्यांचं स्वतःचं एक पुस्तक विक्रीतून काढायला लावलं, त्याच चर्चचा प्रमुख इथे येऊन उभा राहिला. २०२३ मध्ये जन्मशताब्दीला इटलीचे राष्ट्राध्यक्षही आले. पण मला त्या कबरीपुढे पोपपेक्षा शाळेतली मुलं आठवत होती. त्यांतले मिकेले जेझुआल्दी पुढे फ्लॉरेन्स प्रांताचे अध्यक्ष झाले. त्यांचे भाऊ फ्रांचेस्को यांनी पिसाजवळ एक केंद्र काढून जगातल्या गरिबी-श्रीमंतीच्या कारणांचा अभ्यास हेच आयुष्याचं काम केलं. बाकीचे कुणी कामगार संघटनेत गेले, कुणी कारखान्यात, कुणी शिक्षक झाले.

परत आले तेव्हा माझ्या पहिल्या नेमणुकीच्या वस्तीवरची शाळा बंद झाली होती. पट दहाच्या आत आला होता. २०१७ च्या अखेरीला राज्यात कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हापासून तिच्यावर टांगती तलवार होतीच. मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत घातलं. ज्यांना परवडतं त्यांची मुलं जीपमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. खोलीच्या दाराला कुलूप, ओट्यावर शेळ्या बसलेल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं आलं नाही. मी ओट्यावर बसून दोन शाळांचा विचार करत राहिले.

माणूस मरतो तशा शाळाही बंद पडतात. बार्बियानाच्या शाळेचा शेवट तिच्या शिक्षकाच्या शेवटाबरोबर झाला आणि त्यात मला काही अघटित वाटत नाही. ती मागे ठेवून गेली ती इमारत नव्हती, एक प्रश्न होता, आणि तो आजही उत्तर मागत फिरतो. आमच्या शाळेचा शेवट कागदावर पटाच्या आकड्यानं झाला. पण पट कमी झाला तो कधीपासून? मुलं इंग्रजी शाळेत गेली तेव्हापासून, असं सगळे सांगतात. माझा हिशेब त्याच्या पुष्कळ मागे जातो. दसऱ्याला टोळीबरोबर गेलेलं पोर जूनमध्ये परत आलं नाही आणि त्याच्या घरी मी गेले नाही, तेव्हापासून तो पट कमी होत होता. त्या पोराचीच मुलं आज या शाळेच्या पटावर असायला हवी होती.

'प्रिय बाई' वाचल्यानंतरच्या वर्षांत मी एवढंच बदललं की जूनच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट काखेत मारून घरोघर फिरू लागले. हंगामी वसतिगृहाची योजना आली तेव्हा आजी-आजोबांच्या हाती मुलं ठेवून घेण्यासाठी आयांच्या मिनतवाऱ्या केल्या. काही राहिली, काही गेली. जी राहिली त्यांच्यातली एक आज परिचारिका आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला एका वर्गात मागे ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. बार्बियानाच्या मुलांची पहिली मागणी अशी आपल्या देशात कायदा झाली होती. २०१९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता पाचवी आणि आठवीत मुलाला पुन्हा मागे ठेवता येतं. नापास न करण्यानं पोरं काही न शिकता पुढे ढकलली जातात, असं त्यामागचं म्हणणं. ते खोटं नाही, मीही अशी मुलं पाहिली आहेत. पण आपण बार्बियानाच्या मुलांची पहिली सुधारणा घेतली आणि दुसरी सोडून दिली. मागे राहिलेल्याला जादा वेळ, जादा शिक्षक, त्याला समजेपर्यंत थांबणारा वर्ग हे देण्याआधीच 'प्रयोग फसला' असं ठरवलं. फसलं ते अर्धवट केलेलं काम.

म्हणून आज नव्यानं नोकरीला लागलेल्या बाईंना आणि गुरुजींना माझं एक सांगणं आहे. निकालपत्रक समोर येईल. एखाद्या नावापुढे लाल शाईनं शेरा लिहायची वेळ येईल. सही करण्याआधी ते वाक्य कर्त्यासकट एकदा मोठ्यानं म्हणून पाहा: मी या मुलाला नापास करते आहे. मग हजेरीपट उघडून ते मूल कोणत्या महिन्यात कुठे होतं ते बघा. आणि सही उद्यावर टाकून आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या.